दोन्ही हातांनी

“यंदाच्या शिमग्यात देवीची पालखी तू नाचवलीस, खरं ना?” कंपनीच्या वकिलाने हे इतक्या सहज विचारलं की आनंदाला क्षणभर वाटलं, बुवा नुसता गप्पा मारतोय. मुंबईहून परवाच्या आगबोटीने आलेला माणूस. पडावातून धक्क्यावर उतरताना त्याचे बूट भिजले होते आणि त्या बुटांचा राग तो सकाळपासून कोर्टाच्या कारकुनांवर काढत होता. शिमगा काय, पालखी काय, ती नाचवतात म्हणजे काय करतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आनंदा उत्तर द्यायला तोंड उघडणार होता, अगदी अभिमानाने उघडणार होता, आणि तेवढ्यात त्याला प्रश्न कळला. साक्षीच्या पिंजऱ्यातली फळी बोटीसारखी हलली. त्याने उजव्या हाताने कठडा धरला. डावा हात कोटाच्या खिशात होता. सकाळी हिराने, त्याच्या बायकोने, तो उचलून तिथे ठेवला होता आणि तो तिथेच पडून होता.

उकाडा मरणाचा होता. डोक्यावरचा झालरीचा पंखा जात होता, येत होता, आणि वारा सगळा साहेबांच्या टकलाला लागत होता. साहेब एरवी जज्ज, पण आज ते नुकसानभरपाईचे कमिशनर होते. त्याच खुर्चीत, त्याच कोटात माणूस दुसराच कसा होतो हे फणसळकर वकिलांनी आनंदाला पुन्हा पुन्हा समजावलं होतं आणि त्याला ते कळलं नव्हतं. त्याला एवढंच कळलं होतं की सरकारने कायदा केलाय, बोटीवर काम करताना खलाशाचा हात गेला तर कंपनीने भरपाई द्यायची. आणि कंपनी म्हणते, हात गेलेलाच नाही, हा सोंग करतोय. निकाल आपल्या बाजूने लागला तर भाट्याच्या किनाऱ्यावर सुताराकडे जी हातहोडी उभी राहतेय ती आपली. तिच्या फळ्यांना त्याने तेलपाण्याआधीच नाक लावून बघितलं होतं. होडीत सुकाणूला एकच हात लागतो. जाळं ओढायला दोन माणसं ठेवता येतील, सुकाणू धरणाऱ्याला कुणी थोटा म्हणत नाही, आणि हिराच्या डोक्यावरची मासळीची पाटी खाली उतरेल. तिच्या मानेत हल्ली रात्री कळा यायच्या, ती कुशीवर वळताना दात आवळायची. नाही लागला निकाल तर पाटी आहेच, जन्मभर.

आणि हा म्हणतो पालखी. फणसळकर अर्धवट उठले, इंग्रजीत काहीतरी बोलले, साहेबांनी नुसती मान हलवली, तसे ते खाली बसले. बसताना त्यांनी आनंदाकडे असं पाहिलं की जणू त्यानेच त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली. त्यांना हे माहीतच नव्हतं. माहीत कसं असणार, सांगितलं कुणी? हात गेल्यापासून आनंदा दोन ठिकाणी दोन माणसं होऊन राहत होता. फणसळकरांच्या ओसरीवर त्याचा हात मेलेला होता. तिथे तो बोटं उचलून दाखवायचा, सोडायचा, ती पडायची, वकील ‘अरेरे’ म्हणत लिहून घ्यायचे. तरीने, खाडीतल्या होडीने, पलीकडे वाडीत आला की हात जिवंत व्हायचा. ‘जरा अखडलाय.’ ‘तेल चोळतेय हिरा.’ ‘नारळी पौर्णिमेपर्यंत येईल वळणावर.’ वाडीतल्या पोराठोरांसमोर तो उजव्या हाताने डाव्याची बोटं मोडत बसायचा, कटकट आवाज यायचा आणि समोरच्याला वाटायचं, आहे, जीव आहे. कंपनीने नेमलेल्या डॉक्टराने त्याला तपासलं तेव्हाही हेच झालं. डॉक्टराने डोळे मिटायला सांगून सुई टोचली. आनंदाला काही कळलं नाही. पण कंपाउंडर दादू, शेजारच्या वाडीतला, बाटल्या पुसत उभा होता आणि संध्याकाळी तो त्याच तरीने घरी जाणार होता. आनंदाने पापणीच्या फटीतून सुई बघितली आणि ओरडला, “लागतंय!” पुन्हा टोचली, पुन्हा ओरडला. चांगला कळवळून ओरडला. डॉक्टर खूश, दादू खूश. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला एक हात पुरतो.

समोरच्या बाकावर धाकू सारंग बसला होता. आनंदाच्या बापाचा चुलतभाऊ, म्हणजे काका. बोटीवर सगळ्या खलाशांचा मुकादम. नोकरीला लावणारा तोच, काढणारा तोच. टोपी गुडघ्यावर ठेवून तो जमिनीकडे बघत होता. त्याच्या मानेवरची शीर उडताना आनंदाला दिसली आणि त्या शिरेवर अंगठा दाबून ठेवला तर किती वेळ लागेल, असं त्याच्या मनात आलं. हे असं हल्ली फार यायचं. कोयता बघितला की यायचं, विहिरीचा काठ बघितला की यायचं, झोपलेल्या कुणाही माणसाचा गळा बघितला की यायचं. आधी असं नव्हतं. आधी तो बोटीवरचा सगळ्यात थंड माणूस होता. मुंबईच्या गोदीत बोट लागत होती त्या दिवशीसुद्धा त्याने थंडपणेच सांगितलं होतं, “काका, ह्यो दोर कुजलाय. आतून काळा पडलाय, बगा.” वरून गोरा कप्तान घाई करत होता. धाकूने दोराकडे बघितलंसुद्धा नाही. बोटीवर दोनच मंत्र असतात, ‘हबेस’ म्हणजे ओढा आणि ‘आरिया’ म्हणजे सोडा. खलाशी कुठल्याही मुलखातला असो, हे दोन शब्द त्याला आईच्या दुधाबरोबर पाजावे लागतात. धाकू ओरडला, “हबेस!” वाफेचा रहाट कुरकुरला, दोर ताणला गेला, त्यातून पाणी निथळलं, मग पाणीही संपलं आणि तो कोरडा होऊन गुणगुणायला लागला. आनंदा ओरडला, “आरिया! आरिया!” धाकूने त्याच्याकडे बघितलं. बघून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, परत म्हणाला, “हबेस.”

दोर तुटतो तेव्हा आधी आवाज येत नाही. आधी जागा रिकामी होते. दोर होता तिथे आभाळ दिसलं, मग खांद्यावर काहीतरी बसलं, आणि आवाज त्याच्या मागून आला. आनंदा लोखंडावर आपटला तेव्हा त्याच्या पाठीखाली एक हात होता, तळवा वर करून, आणि त्याला खरंच वाटलं की कुणीतरी आपल्याखाली सापडलंय, त्याला उठू द्यावं. तो बाजूला सरकला. हात त्याच्याबरोबर सरकला. तोंडात रक्त आणि काथ्याचे तुसे होते. आणि कानावर धाकूचा आवाज येत होता. तो ‘माणूस पडला’ म्हणून ओरडत नव्हता. “दोर बदला, दोर बदला!” तुटलेला तुकडा त्याने आपल्या हाताने गुंडाळून पाण्यात टाकला, वरचा साहेब खाली यायच्या आत. हे आनंदाने आडवं पडून बघितलं. फणसळकरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, कायद्याला दोराशी देणंघेणं नाही. दोर कुजका असो, रेशमाचा असो, हात गेला की नाही एवढाच प्रश्न. म्हणजे त्या क्षणाचा, त्या डोळ्यांचा, दुसऱ्या हबेसचा कुठेच हिशेब नव्हता. तो आनंदाने एकट्याने छातीत घेऊन फिरायचा. त्याला धाकूचा खून करायचा होता. गोष्ट साधी होती. पण ज्याचा खून करायचा तो माणूस काका होता, भावकीतला होता, आणि शिमग्यात त्याच पालखीच्या मागच्या खांद्यावर होता.

मुंबईच्या वकिलाला हे काय कळणार? त्याच्या लेखी पालखी म्हणजे वजन. वजन उचललं म्हणजे हात चांगला. पण वाडीची पालखी दोन खांद्यांवर नाचते. पुढचा खांदा आनंदाच्या घराचा, मागचा धाकूच्या. हा मान कुणी दिला, केव्हा दिला, विचारायचं नसतं. पालखीचा दांडा खांद्यावर घेतला की दोन्ही हात वर करून तो दोन्ही हातांनी धरायचा, अशी रीत. “एका हातानं भीक घालतात, एका हातानं थोबाडीत मारतात,” आनंदाचा बाप दत्ताराम म्हणायचा, “देवीला दोन हात लागतात बाबा.” ज्या घरात दोन हातांचा पुरुष नाही त्या घराचा खांदा भावकीत पुढच्या घरी जातो, आणि गेलेला खांदा परत आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. काशीरामच्या घरचा ढोल असाच गेला होता, बोटं झडली म्हणून. आता काशीराम पालखीच्या दिवशी घराचं दार लावून आत बसतो आणि बाहेर ढोल वाजायला लागला की आतून भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज येतो. आनंदाला मूलबाळ नव्हतं. खांदा जो काय होता तो त्याच्या एकट्याच्या अंगात होता. आणि त्याच्यानंतरचं घर धाकूचं. धाकूचा मुलगा सदू पंचविशीचा, दोन्ही हात रेड्यासारखे. पालखीचा पुढचा खांदा सदूचा, बोटीवर आनंदाच्या जागी सदू. जिवंत माणसाचे कपडे काढून दुसऱ्याला घालावेत तसं चाललं होतं.

फाल्गुन जवळ आला तसा आनंदा घरात पिसाळला. एक हात मेल्यावर दुसऱ्याला त्याचंही बळ आलं होतं की काय कोण जाणे. खुंटीवरचा कंदील फोडला, कोंबडी पायात आली म्हणून तिला भिंतीवर मारली. एके दिवशी हिराने त्याच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून ठेवले, लहान मुलाला देतात तसे. आनंदाने ताट फेकलं आणि मग तिला मारलं. एकदा नाही. हात थांबेना. मारताना त्याला एवढंच दिसत होतं की डावा हात मधेच झोका खाऊन तिच्या अंगाला लागतोय, हळूच, कुरवाळल्यासारखा, आणि त्याचा त्याला अधिकच संताप येत होता. हिराने ओठाचं रक्त पदराला पुसलं, सांडलेला भात गोळा केला. म्हणाली, “झालं? आता जेवा.” त्याच्याने जेववेना. तो मोठमोठ्याने रडला. सकाळी पाटी डोक्यावर घेताना ती म्हणाली, “देवी दारात आली की ओटी मीच भरते ना? खण मीच बांधते ना दांड्याला? तुमी नुस्ते दांड्याखाली बसा. बाकीचं माज्यावर सोडा.”

देवी दारात आली ती दुपारी, ऊन अंगणात भाजत असताना. सनई, ताशे, गुलाल, सगळी वाडी लोटलेली. पालखी पाटावर टेकवली. आनंदा पुढच्या दांड्याखाली उकिडवा बसला, उजव्या हाताने डावा उचलून दांड्यावर ठेवला आणि मान खाली घातली, नमस्कार केल्यासारखी. हिरा पुढे झाली. नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मग तिने लाल खण घडी मोडून घेतला आणि त्याचं मनगट दांड्याला बांधलं. आवळून बांधलं, गुडघा टेकून, दात लावून बांधलं असणार, पण त्याला काही कळलं नाही. फक्त तिचा श्वास कानाशी लागला. वरून तिने झेंडूच्या माळा सोडल्या. वाडीचे मानपान सांभाळणारे रावजी गावकर, त्यांनी गाऱ्हाणं घातलं, वाडीने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून गर्जना केली, आणि पालखी उठली.

ते नाचणं त्याला नीट आठवत नव्हतं आणि विसरताही येत नव्हतं. पहिल्या उसळीला खांद्यात काहीतरी निसटलं आणि परत बसलं. मागून धाकू रेटत होता. पालखी अशीच नाचवायची असते, मागच्याने रेटायचं, पुढच्याने पेलायचं, पण त्या दिवशी धाकूचा रेटा निराळा होता. तो पारखत होता. दांडा मानेच्या हाडावर आपटत होता, आनंदा उजव्या हाताने दोघांचं बळ लावत होता आणि ओरडत होता, देवीचं नाव घेऊन ओरडत होता की आईमाईवरून शिव्या देत होता ते ताशांत कुणाला कळलं नसेल. अंगातलं सगळं विष पायांत उतरलं. मारून टाकीन, मारून टाकीन, या तालावर तो नाचला. लोक वेडे झाले. असा नाच दत्तारामानेही केला नव्हता म्हणाले. डोळ्यांसमोर हात होता, लाल खणात बांधलेला, प्रत्येक उसळीला मनगटाशी वळत होता आणि खण आणखी लाल होत होता, पण गुलालात लाल कोण बघतो. आणि एका वळणावर, ताशे जरा दमले तेव्हा, मागून, दांड्यावरून सरकत आल्यासारखा आवाज आला. “हबेस, आनंदा. हबेस.”

पालखी सहाणेवर, देवीच्या चौथऱ्यावर, टेकली तेव्हा हिरा धावली, पण धाकू आधी पोचला. गाठी सोडण्यात जन्म गेलेला माणूस. बायकी गाठ, एका झटक्यात सुटली. हात खाली पडला. धाकूने पडलेला हात बघितला, खण बघितला. मग त्याने खण गुंडाळून देवीच्या पायाशी सारला आणि आनंदाच्या कपाळाला गुलाल लावला. त्या दिवसापासून आनंदाला कळेना, या माणसाचे पाय धरावेत की नरडं. शिमग्यानंतर किती तरी दिवस तो वाट बघत होता, आज बोलेल, उद्या बोलेल. वाडीत कुणाला काही कळलं नाही. उलट लोक म्हणायला लागले, हात सुधारला आनंदाचा. आज सकाळी कोर्टात यायला सगळे एकाच तरीत बसले होते. दुसरी तर नव्हतीच. वादी, साक्षीदार, आनंदाच्या बाजूने म्हणून निघालेले रावजी गावकर, सगळे एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून. मधेच धाकूने तंबाखू मळून पुढे केली आणि खाली वाकून हळूच म्हणाला, “त्या गाठीचं मी बोलणार नाय. सारंगाचा शब्द हाय.” आनंदाने तंबाखू घेतली. त्याला वाटलं, म्हातारा विरघळला, पालखीचंच बोलणार नाही. हिराने पदराआडून खूण केली, नका घेऊ, पण त्याने घेतली आणि गालात धरली.

आता कळत होतं. गाठीचं बोलणार नव्हता, पालखीचं बोलणार होता. बोलला होता, केव्हाच, या बूट भिजलेल्या वकिलाच्या कानात. नुसती पालखी, दोन हात, पुढचा खांदा. गाठ त्याने आनंदासाठी ठेवली होती. हवी तर तू सोड, सगळ्यांदेखत सोड. खणाचं सांगितलं की होडी आपली. फणसळकर उडी मारून उठतील, हिराला पिंजऱ्यात बोलावतील, मनगटावरचा व्रण साहेबांना दाखवतील. आणि मागच्या बाकावर रावजी गावकर काठीवर हनुवटी टेकवून ऐकतील की यंदा देवी एका हाताने नाचवली, देवीला फसवलं, भर दुपारी, नवराबायकोने मिळून. आणि नाही सांगितलं तर खांदा राहील. मेलेल्या हाताचा, बांधलेला, पण खांदा राहील. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण आडात आणि विहिरीत निदान पाणी तरी असतं. आनंदाच्या डोक्यात रक्ताचे ताशे वाजत होते. त्याला वाटलं, कठडा उपटावा आणि एकेकाची टाळकी फोडत जावं, आधी वकील, मग साहेब, मग हा वारा न येणारा पंखा.

“साक्षीदाराने उत्तर द्यावं,” साहेब म्हणाले. मग मराठीत, बऱ्या आवाजात म्हणाले, “नीट आठवून सांग. घाई नाही.”

दाराशी हिरा उभी होती. बायकांना आत बसायला जागा नव्हती, ती चौकट धरून उभी होती आणि तिने पदर कपाळावरून मागे सारला होता. ती त्याच्याकडे सरळ बघत होती. सांगा, असं तिचं सगळं तोंड म्हणत होतं. तिच्या कपाळावर पाटीच्या चुंबळीने पडलेला वळ त्याला इथून दिसला. सांगा, माझं नाव घ्या, मी बांधला म्हणावं, मला घालवा वाडीतून, पण सांगा.

“नाचवली,” आनंदा म्हणाला.

वकील हसला. त्याला वाटलं होतं, हा नाकारेल. “एका हाताने?” त्याने साहेबांकडे बघत विचारलं.

सुटकेचं दार परत उघडलं होतं. एक ‘होय’ पुरला असता. धाकूची मान वर आली. रावजी गावकरांची काठी फरशीवर जराशी सरकली आणि आनंदाला बापाची आठवण आली, दांड्याखाली बसताना बापाच्या गुडघ्यांचा आवाज यायचा त्याची.

“एका हातानं देवी नाचवीत नाहीत साहेब,” तो म्हणाला. “दोन्ही हातांनी. दोन्ही हातांनी नाचवली.”

मग सगळं भराभर झालं. कागद हलले, इंग्रजी झालं, फणसळकरांनी दोन वाक्यं बोलून तिसरं सोडून दिलं. धाकूला पिंजऱ्यात बोलवायचीसुद्धा गरज पडली नाही. साहेब उठले, सगळे उठले, आणि फणसळकर त्याच्या जवळ आले. “अर्ज गेला,” ते म्हणाले. “तुझाच तू फाडलास. मला एका शब्दाने बोलला असतास...” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. आनंदा त्यांच्याकडे बघत होता आणि त्याला त्यांचा गळा दिसत होता. तो बाजूने निघाला. हिरा दारातून सरकली, त्याच्यामागून चालायला लागली. तिने विचारलं नाही, का. त्याला ते ऐकायचं होतं. तिने ओरडावं, बोंब मारावी, छाती बडवावी असं त्याला वाटत होतं, म्हणजे तिला गप्प करता आलं असतं.

कोर्टाच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर ऊन होतं. खाली वाडीची माणसं जमली होती. धाकू पायरीवर थांबला होता. त्याने आनंदाला येऊ दिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या खांद्यावर. आनंदाला तो दिसला म्हणून कळला.

“भला वागलास,” धाकू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हरामखोराच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. “घराचा मान राखलास. माज्या भावाचा पोर शोभतोस. मी पण नाय बोललो बग, शब्द पाळला.”

आनंदाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दातांचा आवाज आला, ओला. दुसरा मारला. धाकू पायरीवर बसला, मग आडवा झाला, आणि आनंदा त्याच्यावर बसून मारत राहिला, नाकावर, डोळ्यावर, जिथे मूठ पडेल तिथे, आणि त्याच्या तोंडून एकच शब्द येत होता, “आरिया! आरिया! आरिया!” इतक्या महिन्यांचा कुजका दोर घशातून बाहेर पडत होता. किती बरं वाटलं त्याला. हे बरं वाटणंच त्याला हवं होतं, होडी नको होती, खांदा नको होता, हेच हवं होतं. मग मागून सदू आला. त्याने आनंदाचा उजवा हात धरला, पाठीमागे पिळला, त्याला उभा केला, आणि धाकू रक्ताने माखलेला उठला आणि त्याने आनंदाच्या तोंडावर मारलं. म्हातारा होता, पण सारंग होता. पुन्हा मारलं. आनंदाने हात वर करायचा प्रयत्न केला. हात वर आला नाही. कोटाच्या खिशातून तो केव्हाच बाहेर पडला होता आणि मारागणिक इकडून तिकडे हलत होता.

“तोंड झाक रे!” खालून कुणीतरी ओरडलं. “आनंदा, डावा हात वर कर, तोंड झाक!” दुसरं कुणी ओरडलं. सगळे ओरडायला लागले, मायेनेच ओरडत होते, “हात उचल! हात उचल!” धाकू मारत होता. आणि मग ओरडणं एकेक करून थांबलं. शेवटी पायऱ्यांवर फक्त मारण्याचा आवाज उरला आणि मग धाकूनेही हात थांबवला, कारण सगळे कुठे बघतायत ते त्याला दिसलं. सदूने पिळलेला हात सोडला. आनंदा खाली बसला.

मुंबईचा वकील टांग्यापर्यंत पोचला होता. पायदानावर एक पाय ठेवून तो वळून बघत होता. त्याने तो लोंबता हात बघितला, चांगला बघितला, आणि मिठाचे डाग पडलेल्या आपल्या बुटाकडे बघून टांग्यात चढला. फणसळकर ओरडत आत पळाले, साहेबांना बोलवा, बघू दे, डोळ्यांनी बघू दे त्यांना. आतून पट्टेवाला म्हणाला, साहेब जेवायला गेले, आणि साक्ष तर लिहून झाली. रावजी गावकर काठी टेकत दोन पायऱ्या वर आले. आनंदाला वाटलं, ते आपल्याला उठवतील. ते त्याच्यापाशी थांबले, हाताकडे बघितलं, खाली वाकून मनगटावरचा जुना वळ बघितला. मग ते सदूजवळ गेले. त्याचा फाटलेला सदरा नीट केला, आणि त्याच्या उजव्या खांद्यावर तळवा ठेवून दाबून बघितला, मग डाव्या. सदूने मान खाली घातली.

वाडीची माणसं तरीच्या वाटेने निघाली. कुणी मागे वळलं नाही असं नाही, वळत होते, बघत होते, परत चालत होते. धाकूला दोघांनी धरून नेलं. पायऱ्यांवर रक्त होतं आणि ते कुणाचं किती हे सांगता आलं नसतं. हिरा त्याच्या शेजारी बसली. तिने पदराचं टोक दातात धरून फाडलं, टर्रकन आवाज आला. त्याचा डावा हात तिने दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला, कोपरात दुमडला, चिंधी मनगटाखालून घातली आणि त्याच्या मानेमागे नेली.

“आवळू नुको,” आनंदा म्हणाला. ओठ सुजला होता, शब्द नीट फुटला नाही.

“तुमाला काय कळतंय आवळलेलं?” ती म्हणाली.

जाणारी माणसं वळणावर थांबून बघत होती, कोर्टातले कारकून ओसरीवर येऊन बघत होते. हिराने त्यांच्याकडे पाठ केली नाही. तिने गाठ मारली, ओढून बघितली, आणि दुसरी मारली.